रायफलचं बेडिंग आणि इपॉक्सी: मला परत परत विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. टेक्सासात नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांचा सीझन उघडतो आणि आमच्या ओळखीतल्या चार-पाच मराठी मंडळींना नेमकं तेव्हाच आठवतं की आपली रायफल गेल्या वर्षीपासून नीट मारत नाहीये. मग तेच प्रश्न, तीच उत्तरं, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी गनस्मिथ नाही, नोकरी पाइपलाइनच्या डिझाइनची आहे, पण ह्यूस्टनच्या गॅरेजमध्ये घाम गाळत बऱ्याच रायफली बेड केल्यात आणि त्यातली एक जवळजवळ कायमची चिकटवून बसलो होतो, तो किस्सा पुढे येईलच.

बेडिंग म्हणजे नक्की काय?

तबला बघा. नुसता फरशीवर ठेवला तर डुगडुगतो, चुंबळीवर ठेवला की बसतो. रायफलची अ‍ॅक्शन, म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे होतो तो पोलादी भाग, लाकडाच्या किंवा फायबरच्या स्टॉकमध्ये म्हणजे दस्त्यात बसवलेली असते आणि बहुतेक वेळा खालून दोन स्क्रूंनी आवळलेली असते. कारखान्यात दस्ता कोरताना तो अ‍ॅक्शनच्या आकाराशी तंतोतंत जुळत नाही, कुठे फट राहते, कुठे उंचवटा राहतो. स्क्रू आवळले की पोलाद त्या उंचवट्यावर वाकतं, अगदी केसभर, पण वाकतं. मग गोळी सुटली की धक्क्याने अ‍ॅक्शन हलते आणि परत बसताना दरवेळी त्याच जागी बसेलच असं नाही. बेडिंग म्हणजे त्या फटींत इपॉक्सी भरून अ‍ॅक्शनच्या खालच्या अंगाचा हुबेहूब साचा तयार करणं. चुंबळच, फक्त दगडासारखी कडक.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात घ्या, कारण खालची सगळी उत्तरं तिथूनच येतात: आपण अ‍ॅक्शन चिकटवत नाही आहोत. तिला ताण न घेता पडून राहता येईल अशी जागा करून देतोय. इपॉक्सी दस्त्याला चिकटलं पाहिजे आणि पोलादाला अजिबात नाही.

माझ्या रायफलला गरज आहे का हे कसं कळणार?

आधी बाकीच्या गोष्टी तपासा राव. दहातल्या निम्म्या वेळा दुर्बिणीच्या बेसचा स्क्रू ढिला निघतो, किंवा नळी तांब्याने माखलेली असते, किंवा गोळ्यांचा ब्रँड बदललेला असतो. एक नोट घेऊन नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवा, ती अ‍ॅक्शनपर्यंत सहज गेली पाहिजे. अडली तर आधी तिथलं लाकूड घासा, कदाचित तेवढ्यानेच काम होईल (काही रायफलींना कारखान्यातूनच पुढच्या टोकाला मुद्दाम टेकू दिलेला असतो, तो घासायच्या आधी एकदा विचार करा).

खरी परीक्षा डायल इंडिकेटरची, म्हणजे केसभर हालचालही काट्यावर दाखवणाऱ्या मापकाची. त्याचा चुंबकवाला स्टँड नळीवर बसवायचा, टोक दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकवायचं, रायफल उभी धरायची आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करत काटा बघायचा, मग परत आवळून मागच्या स्क्रूचं तसंच. काटा इंचाच्या दोन हजारांशांच्या आत, म्हणजे साधारण ०.०५ मिलिमीटर हलला तर बेडिंग उत्तम आहे, हात लावू नका. पाच हजारांशांच्या वर गेला तर अ‍ॅक्शन ताणात आहे हे नक्की. काटा स्वस्तातला चालतो, पण तपासल्याशिवाय पटाशी हातात घेऊ नका.

हे घरी करायला कायद्याने परवानगी आहे का?

अमेरिकेत स्वतःच्या कायदेशीर रायफलचा दस्ता स्वतः बेड करायला फेडरल कायद्याची आडकाठी नाही. पण आपल्या लोकांसाठी एक मोठी मेख आहे. एच-१बी, एफ-१ वगैरे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक आणि गोळ्या दोन्ही जवळ बाळगायला मुळात मनाई आहे, आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला सगळ्यात वापरात असलेला म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते संपलं आणि रायफल कपाटात पडून राहिली तरी गुन्हा होऊ शकतो, म्हणून तारीख कॅलेंडरवर टाका आणि शंका असेल तर वकिलाला विचारा, मला नको. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही.

भारतात गोष्ट एकदम वेगळी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्रांच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो असं कलम ५ मध्येच आहे. गावाकडे कुणाकडे इशापूरची ३१५ बोअरची रायफल असते, दस्ता पावसाळ्यात फुगून तडकलेला असतो, आणि मग फोन येतो की व्हिडिओ कॉलवर सांग ना, आम्ही करतो. नाही. ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि सोबत लायसन्स न्या. हे वाचून फार तर त्याला चार प्रश्न नीट विचारता येतील.

कुठलं इपॉक्सी घेऊ? एकच नाव सांग.

एकच नाव हवं असेल तर पहिल्यांदा करणाऱ्याला मी ब्राउनेल्स या बंदुकीच्या सामानाच्या कंपनीचं अ‍ॅक्राग्लास जेल सांगतो. कारण रेझिन आणि हार्डनर या दोन भागांचं प्रमाण १:१ आहे, चुकायला जागा कमी, आणि लोण्यासारखं घट्ट असल्यामुळे जिथे लावलं तिथे राहतं. जुनं मूळ अ‍ॅक्राग्लास पातळ असतं, काकवीसारखं वाहतं, प्रमाण चारास एक, आणि ते बारीक भेगांत शिरायला छान असलं तरी ट्रिगरच्या भोकातही तितक्याच आनंदाने शिरतं.

दुसरा नंबर डेव्हकॉनचा. त्यांची प्लास्टिक स्टील पुट्टी मुळात कारखान्यांत यंत्रांची झीज भरायला बनवलेली आहे, पोलादाची पूड घातलेली, सुकली की आक्रसत नाही म्हटलं तरी चालेल आणि तिच्यावर कानस लागते. बेंचरेस्टवाले, म्हणजे रायफल मेजावर टेकवून अचूक नेमबाजी करणारे, जुने लोक हिचीच शपथ घेतात. तिचं प्रमाण आकारमानाने अडीचास एक आणि वजनाने नवास एक असतं, हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की वाट लागते. अ‍ॅल्युमिनियमची आणि टायटॅनियमची पुट्टीही मिळते, टायटॅनियमवाली महाग आहे आणि खरं सांगायचं तर टार्गेटवर मला फरक दिसलेला नाही.

तिसरं मरीन-टेक्स. होड्या दुरुस्त करायचं इपॉक्सी, गल्फच्या किनाऱ्यावर राहत असाल तर बोटीच्या सामानाच्या दुकानात हमखास मिळतं, चिवट आहे, ओघळत नाही. करड्या रंगाचं घ्या, पांढरं अक्रोडाच्या दस्त्यात फार डोळ्यात भरतं.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगतो. या तिघांपैकी काहीही घेतलं तरी रायफलला कळणार नाही. अ‍ॅक्शनखाली इपॉक्सीवर मुख्यतः दाब पडतो आणि तो दाब ही तिन्ही सहज झेलतात. लोक ताकदीचे आकडे वाचत रात्र घालवतात आणि मेण लावायला पाच मिनिटं देत नाहीत. निवडताना खरं बघायचं ते इतकंच की ते आक्रसतं किती, लावताना ओघळतं किती, आणि हात चालवायला वेळ किती देतं.

जेबी वेल्ड चालेल का? वॉलमार्टात समोरच आहे.

मूळ, हळू सुकणारं जेबी वेल्ड चालतं. १:१ मिसळायचं, त्यातही पोलादाची पूड असते, चार-सहा तासांत धरतं आणि पूर्ण कडक व्हायला चोवीस तास धरून चाला. थोडं ओघळतं, एवढीच तक्रार. पण त्याच रॅकवर क्विक नावाचं भावंड असतं ते उचलू नका, घाईत तीच ट्यूब हातात येते.

पाच मिनिटांत सुकणारं का नको? माझं काम फटाफट असतं.

कारण पाच मिनिटांत तुम्ही फक्त मिसळून आणि अर्धं लावून होता, तोवर कपात गोळा झालेला असतो. शिवाय ही पटकन सुकणारी इपॉक्सी साधारणपणे कमी कडक राहतात आणि उष्णता, ओलावा यांपुढे लवकर नमतात. घाई असेल तर सीझन संपल्यावर करा.

आणि अ‍ॅरल्डाइट? एम-सील?

हा प्रश्न फक्त आपणच विचारतो आणि मला तो फार आवडतो. आपल्या घरात टाकी गळली की एम-सील, चप्पल तुटली की अ‍ॅरल्डाइट, त्यामुळे साहजिक आहे. अ‍ॅरल्डाइट हे जगातल्या पहिल्या बाजारी इपॉक्सींपैकी एक, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच आणलेलं, आणि भारतातलं ते आता पिडिलाइटकडे आहे, म्हणजे फेविकॉल आणि एम-सीलच्याच घरात. हळू सुकणारं स्टँडर्ड अ‍ॅरल्डाइट हे खरंखुरं उत्तम इपॉक्सी आहे, पण ते चिकटवण्यासाठी केलेलं आहे, फट भरण्यासाठी नाही, नुसतं घातलं तर वाहून जातं, त्यात काहीतरी पूड मिसळून घट्ट करावं लागतं. एम-सील उलट, कणकेसारखं मळायचं असतं त्यामुळे बारीक कोपऱ्यांत जात नाही आणि अ‍ॅक्शन दाबताना हवं तसं पसरत नाही. टाकीला ठेवा.

फायबरग्लासचं पॉलिएस्टर रेझिन किंवा गाड्यांचं बॉडी फिलर मात्र कुणी फुकट दिलं तरी नको. ते सुकताना चांगलंच आक्रसतं आणि आपलं सगळं काम केसभर फटीसाठीच चाललंय.

प्रमाण अंदाजाने घेतलं तर चालतं का? हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकेल ना?

नाही. हा फेविकॉल नाही आणि सिमेंटही नाही. इपॉक्सीत हार्डनर हा नुसता वेग वाढवणारा पदार्थ नसतो, तो रेझिनशी जोडला जाऊन त्या घट्ट जाळ्याचा भाग बनतो, त्यामुळे जास्त झाला तर जोडीदार न मिळालेला हार्डनर तसाच राहतो आणि सगळं रबरासारखं मऊ राहतं, कमी झाला तर चिकट. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा घ्या, पाकिटावर वजनाचं प्रमाण दिलंय की आकारमानाचं हे दोनदा वाचा. मग ढवळा, आणि वाटतं त्याच्या दुप्पट वेळ ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत, हळूहळू, फेटायचं नाही, श्रीखंड नाही ते. फेटलं की हवा शिरते आणि नंतर साच्यात खड्डे दिसतात.

वेळेचं एक गणित लक्षात ठेवा: डेव्हकॉनची पुट्टी २४ अंश सेल्सिअसला पाऊण तास हात चालू देते, पण तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मा होतो. ह्यूस्टनमध्ये जुलैत दुपारी गॅरेजमध्ये केलंत तर वीस मिनिटं पण मिळणार नाहीत. कपात मोठा गोळा ठेवला तर तो स्वतःच्याच उष्णतेने आणखी भडकतो, म्हणून मिसळून झालं की लगेच पसरवा. मी आता सकाळी सहाला करतो, चहाच्या आधी.

रिलीज एजंट, म्हणजे इपॉक्सी पोलादाला चिकटू नये म्हणून लावायचा थर, कुठला? घरात तेल आहे ते लावू का?

तेल नको, ते इपॉक्सीत मिसळतं आणि पृष्ठभाग मऊ पडतो. मी रंग नसलेलं किवी बूट पॉलिश वापरतो, तेच जे शाळेत असताना रविवारी रात्री बुटांना चोळायचो त्याचं बिनरंगी रूप. दोन पातळ हात, प्रत्येक वेळी वाळू द्यायचं आणि फडक्याने चमकवायचं. जाड थर दिला तर साच्यात त्या थराच्याच सुरकुत्या उमटतात. जुने लोक जॉन्सन पेस्ट वॅक्स सांगतील, पण त्याचं उत्पादन २०२१ मध्ये बंद झालं. ब्राउनेल्सचा फवाराही मिळतो, चांगला आहे.

मेण कुठे लावायचं हे जास्त महत्त्वाचं. अ‍ॅक्शनला तर लागतंच, पण स्क्रूंच्या आट्यांत, स्क्रूच्या डोक्याखाली, नळीच्या मुळाशी, बोल्टच्या खाचेत, आणि दस्त्याच्या बाहेरच्या अंगालाही, कारण इपॉक्सी बाहेर ओघळणारच. तुम्हाला जिथे इपॉक्सी पोचणार नाही असं वाटतं तिथेही लावा. तिथेच पोचतं.

मेकॅनिकल लॉक म्हणजे काय आणि सगळे त्याला इतके घाबरतात का?

मेण लावलं तर चिकटत नाही, बरोबर. पण इपॉक्सी एखाद्या भोकात शिरून आत फुगवटा धरून सुकलं तर? मग चिकटलं नसलं तरी निघणार नाही, कुलूपच लागलं. गणपतीची मूर्ती साच्यातून काढताना सोंडेची आतली वळणं अडतात ना, तसंच, फक्त इथे साचाही कडक आणि मूर्तीही कडक. अ‍ॅक्शनच्या खाली ट्रिगरच्या पिनांची भोकं, मॅगझीनची पोकळी, बोल्ट अडवणाऱ्या खटक्याची खाच अशी बरीच बिळं असतात. ती सगळी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेने बुजवायची, ती तेलकट क्ले, पिठाची सुकणारी नव्हे, आणि वरून ब्लेडने सपाट करायची.

आता किस्सा. माझी दुसरी रायफल, जुनी रेमिंग्टन ७००, लाकडी दस्त्याची. सगळं बुजवलं, सगळीकडे मेण लावलं आणि पुढच्या स्क्रूच्या आट्यांना लावायचं विसरलो, कारण मधेच दारावर कुणीतरी आलं. दुसऱ्या दिवशी मागचा स्क्रू निघाला, पुढचा ढिम्म. जोर लावला तर डोकं घासायला लागलं. शेवटी शंभर वॅटची सोल्डरिंग इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर दहा मिनिटं धरली, इपॉक्सी तापल्यावर मऊ पडतं हे तेव्हा कामी आलं, आणि गरम गरम असतानाच तो कुरकुरत फिरला. दस्त्याला तिथे अजून एक काळा डाग आहे. तेव्हापासून मेण लावताना फोन आणि दाराची बेल दोन्हीला उत्तर देत नाही.

दस्त्यातलं लाकूड किती खरवडायचं?

दोन-तीन मिलिमीटर. पातळ पापुद्रा ठेवला तर तो तडकतो. पण सगळं एकदम खरवडू नका, अ‍ॅक्शनच्या मागच्या टोकाशी आणि मधे थोडं मूळ लाकूड ठेवा, नाहीतर अ‍ॅक्शन किती उंचीवर बसवायची याची खूणच हरवते आणि ती पाण्यातल्या भोपळ्यासारखी तरंगते. तळाला तिरकी बारीक भोकं पाडा म्हणजे इपॉक्सीला पकड मिळते. जुन्या दस्त्यात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं, ते अ‍ॅसिटोनने पुसून पुसून काढा, काळं लाकूड दिसलं तर तेवढं खरवडूनच टाका.

पिलर लावायलाच हवेत का?

लाकडी दस्ता असेल तर मी म्हणेन हो. लाकूड ओलाव्याने फुगतं आणि स्क्रूच्या दाबाने हळूहळू दबतं, म्हणून आज आवळलेला स्क्रू गणपतीपर्यंत सैल. अ‍ॅल्युमिनियमची नळकांडी, म्हणजेच पिलर, स्क्रूभोवती बसवली की स्क्रूचा दाब अ‍ॅक्शन ते खालचं लोखंड असा धातूवरून धातूवर जातो, लाकूड मधून सुटतं. हे काही नवीन खूळ नाही, माउझर ९८ च्या दस्त्यात मागच्या स्क्रूभोवती पोलादी नळकांडं असायचंच. ज्या दस्त्यात आधीच अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आहे त्याला पिलर नको, फार तर त्यावर इपॉक्सीचा पातळ थर द्या, त्याला स्किम बेडिंग म्हणतात.

रिकॉइल लगला टेप कुठे लावायची? मला प्रत्येकजण वेगळं सांगतोय.

रिकॉइल लग म्हणजे अ‍ॅक्शनच्या पुढच्या टोकाला खाली लोंबणारी ती जाड पोलादी जीभ. गोळी सुटल्यावरचा सगळा धक्का तीच दस्त्याला देते. म्हणून तिची मागची बाजू इपॉक्सीला पूर्ण टेकलीच पाहिजे, तिथे टेप नाही. पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली टेपचा एकेक थर, साधी इलेक्ट्रिकल टेप साधारण सात हजारांश इंच जाडीची असते ती पुरते, सुकल्यावर टेप काढली की तेवढी मोकळी जागा राहते. खालचा थर विसरू नका, लग तळाला टेकली तर पुढचा स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन तिच्यावरच डोलते आणि मग सगळ्या मेहनतीवर पाणी. बाजूंना टेप नको म्हणणारेही लोक आहेत, त्यांच्या रायफलीही चांगल्या मारतात, यावर मी वाद घालत नाही.

इपॉक्सी भरल्यावर स्क्रू किती आवळायचे?

आवळायचेच नाहीत! इथेच बहुतेकांचं चुकतं. आवळून सुकवलंत तर अ‍ॅक्शन वाकलेल्या अवस्थेतच साचा बनतो, म्हणजे जो ताण घालवायला बसलो तोच कायमचा कोरून ठेवला. डोकी कापलेले लांब स्क्रू नुसते दिशा दाखवायला लावा, नळीच्या पुढच्या भागात टेपचे वेढे देऊन ती मधोमध येईल असं करा, अ‍ॅक्शन हाताने दाबून खाली बसवा आणि वरून रबरी नळीने किंवा टेपने जेमतेम बांधा. बाहेर आलेलं इपॉक्सी कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून तिथल्या तिथे पुसा, घरातलं पांढरं व्हिनेगर यासाठी झकास चालतं.

बुडबुडे राहिले तर?

भरताना एका टोकाकडून दुसरीकडे दाबत न्या, लगच्या खाचेत आधी काडीने कोंबा, अ‍ॅक्शनच्या अंगालाही एक हात फासा. तरी तांदळाएवढे चार-दोन खड्डे राहतातच, त्याने काही होत नाही. लगच्या मागे मोठा खड्डा असेल तर तेवढा भाग खरखरीत करून परत भरा.

चोवीस तास झाले, निघत नाहीये!

घाबरू नका, हातोडी खाली ठेवा. आधी स्क्रू खरंच निघालेत ना बघा. मग संपूर्ण रायफल तासभर डीप फ्रीजरमध्ये, मोठा फ्रीजर नसेल तर अ‍ॅक्शनवर बर्फाच्या पिशव्या. पोलाद आकसतं, मेणाचा थर तडकतो आणि बहुतेक वेळा टक् असा आवाज येऊन सुटतं, तो आवाज ऐकल्यावर जो जीव भांड्यात पडतो ना. नळी धरून सरळ वर उचला, फिरवू नका, मागेपुढे झुलवू नका, नाहीतर लगच्या खाचेच्या कडा तुटतात. बाहेर काढल्यावर गंज चढायच्या आत पुसून तेलाचा हात द्या.

माझा दस्ता प्लास्टिकचा आहे, कारखान्यातून आलेला.

स्वस्त रायफलींचे साच्यात ओतलेले प्लास्टिकचे दस्ते इपॉक्सीला धड धरत नाहीत, जेवणाच्या डब्याला फेविकॉल लावल्यासारखं. खरखरीत घासून, आरपार भोकं पाडून, इपॉक्सीच्या खुंट्या आत अडकतील असं करून जमवता येतं, मी एकदा केलंय, पण पुढचा भाग इतका लवचिक असतो की बायपॉडवर, म्हणजे दोन पायांच्या टेकूवर, टेकवला की नळीला लागतो आणि बेडिंगचा फायदा तिथेच संपतो. तेवढे पैसे साठवून चांगला दस्ता घ्या.

सगळ्या रायफलींना एकच पद्धत?

नाही ना. रेमिंग्टन ७०० गोल पोटाची, सोपी, पण लग हा वेगळा तुकडा असल्यामुळे तिची नीट काळजी घ्या. विंचेस्टर ७० आणि होवा १५०० सपाट पोटाच्या, बसवायला आणखी सोप्या. सॅव्हेज ११० ची मागची शेपटी, म्हणजे टँग, मोकळी ठेवायची, तिच्याखाली इपॉक्सी नको. रुगर ७७ चा पुढचा स्क्रू तिरका आहे, तो आधी आवळायचा असतो. टिक्का टी३ मध्ये लग अ‍ॅक्शनला नसून दस्त्यात बसवलेली असते आणि अ‍ॅक्शनला खाच असते, म्हणून वरचं लगचं उत्तर तिला जसंच्या तसं लावू नका.

ऑलिंपिकवाल्यांचं पण कुणीतरी विचारलं होतं. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हापासून बऱ्याच पोरांना हा प्रश्न पडतो. आता त्या स्पर्धांत बरेच जण मशीनवर कोरलेले अ‍ॅल्युमिनियमचे दस्ते वापरतात, तिथे इपॉक्सीचं काम मशीननेच केलेलं असतं. जुन्या लाकडी मॅच रायफली मात्र अजूनही बेड होतात.

नंतर स्क्रूचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, किती?

इंच-पाउंडवाला टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या. पिलर नसलेलं लाकूड असेल तर ३५ ते ४५ इंच-पाउंड, पिलर किंवा अ‍ॅल्युमिनियम असेल तर ६५, म्हणजे साधारण ७.३ न्यूटन मीटर. दस्ता बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. मग डायल इंडिकेटर परत लावा आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा. सुरुवातीला चोवीस तास झाले म्हणून लगेच रेंजवर पळू नका, दोन-तीन दिवस राहू द्या.

हाताला खाज सुटलीय, त्याचाच परिणाम का?

शक्य आहे, आणि हलक्यात घेऊ नका. इपॉक्सी आणि विशेषतः हार्डनर वारंवार कातडीला लागलं की अ‍ॅलर्जी जडते आणि एकदा जडली की पुढे थोड्याशाने पण उठते. नायट्राइलचे हातमोजे घाला, हात अ‍ॅसिटोनने धुऊ नका, ते इपॉक्सी आणखी आत नेतं, साबण आणि पाणी. सुकलेलं घासताना मास्क. आणि हे सगळ्यात आधी यायला हवं होतं खरं तर: काम सुरू करण्याआधी मॅगझीन काढा, बोल्ट काढा, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं आहे याची खात्री करा, आणि गोळ्या त्या खोलीतच ठेवू नका.

उरलेलं इपॉक्सी टाकून देऊ ना?

अजिबात नाही. उरलेला कप रायफलच्या शेजारीच ठेवा, त्याच खोलीत, त्याच तापमानात. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्शन काढायच्या आधी त्यात नख रोवून बघा. नख रुतलं तर अ‍ॅक्शनला हात लावू नका, अजून एक दिवस थांबा. टणक असेल तर पुढे व्हा. माझ्या गॅरेजच्या खिडकीत असे कप ओळीने पडलेत, प्रत्येकावर मार्करने तारीख आणि रायफलचं नाव, आणि घरी कुणी पाहुणे आले की बायको त्यांना आधी ते दाखवायला नेते.